उदगीरला गेलेला बर्गर

किस्से हे स्वयंपाकघरातल्या झाकणांसारखे असतात. ती मुद्दाम कोणी जमवत नाही. भांडी हरवतात, लेकीसुनांबरोबर परगावी जातात. झाकणे मात्र मागे राहतात आणि एक दिवस फडताळ उघडले की अंगावर येतात. आम्हा तिघींकडे गेल्या वर्षभरात बर्गरचे इतके किस्से साठले आहेत की आता ते फडताळ उघडणे भाग आहे.

तिघी कोण, ते आधी सांगते. पहिली मी. माहेर नांदेडचे, सासर लातूरचे, शिक्षण जुन्या अकरावीचे, म्हणजे मॅट्रिक. हे शेवटचे मी कोणी न विचारता सांगते, अशी दुसरीची तक्रार आहे. दुसरी विमलबाई. हदगावकडच्या शेतकरी घरातल्या. मुलाच्या नोकरीमुळे लातूरला आल्या, पण बोलणे हदगावातच ठेवून आल्या नाहीत. मला त्या ‘मॅट्रिकबाई’ म्हणतात, तेही भर बागेत, चारचौघांत! तिसऱ्या महादेवीबाई. उदगीरच्या, घरात डाळींचा व्यापार. गळ्यात शिवलिंग, पूजा झाल्याखेरीज तोंडात पाणी नाही आणि बोलणे अगदी मोजके. त्यांची नात गिरिजा त्यांना ‘अव्वा’ म्हणते, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणतो.

ही गिरिजा लातूरला डॉक्टर होण्यासाठी शिकवणीला आली होती. इथे मुले त्यासाठीच येतात. तिने मात्र शिकवणी सोडली, स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्याच शिकवण्यांच्या गल्लीत बर्गरचे रेस्टॉरंट काढले. तिचे वडील बसवराज, म्हणजे अव्वांचा मुलगा, त्या दिवसापासून तिच्याशी बोललेला नाही. “माझ्या पोरीनं लोकांची उष्टी ताटं उचलायची?” एवढे बोलून तो जो गप्प झाला, तो झालाच. अव्वांनी त्याच दिवशी आपली ट्रंक भरली. “पोरगी एकटी न्हाई राहणार,” इतकेच मुलाला सांगितले आणि नातीपाशी लातूरला येऊन राहिल्या.

त्यांची इच्छा एकच होती. बसवराजने एकदा तरी मुलीच्या हातचे खावे.

आम्हा दोघींचे काम त्यामानाने सोपे होते. नवा बर्गर केला की गिरिजा आम्हाला चव पाहायला बोलावत असे.

* * *

पहिला बर्गर टेबलावर आला तेव्हा आम्ही तिघी नकळत सरळ बसलो. एखादे वडीलधारे माणूस खोलीत आल्यावर बसतो, तशा.

काय त्याची उंची! वर तीळ लावलेला तुकतुकीत पाव, खाली हिरवी पाने, टोमॅटोची चकती, हरभऱ्याच्या डाळीची जाडजूड टिक्की, तिच्यावरून ताटलीपर्यंत ओघळलेले चीज, आणि या सगळ्याच्या माथ्यावर काडीला लावलेला कागदी झेंडा. मी उभ्या आयुष्यात इतके नेमके रचलेले खाद्य पाहिले नव्हते.

विमलबाईंनी पदर सावरला. “अगं माय! हे खायाचं का याला प्रदक्षिणा घालायची?”

“आजी, हा गोरमे, म्हणजे खास चोखंदळांचा बर्गर आहे,” गिरिजा म्हणाली. “दोन्ही हातांनी दाबायचा आणि मोठ्ठा घास घ्यायचा!”

मी तिला स्पष्ट सांगितले, “बाळ, एवढे तोंड मी दंतवैद्यापुढेसुद्धा उघडलेले नाही.”

मग जे योग्य तेच केले. बर्गर हलक्या हाताने उलगडला आणि तीन ताटल्यांत रीतसर वाढला. सॉस डावीकडे, चटणीच्या जागी. टोमॅटो आणि पाने त्याखाली, कोशिंबिरीच्या जागी. टिक्की उजवीकडे, पाव मध्ये. गिरिजा कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. हसली नाही, हे तिचे संस्कार.

सगळे वाढून झाल्यावर विमलबाईंनी झेंडा उचलला.

“अन् मॅट्रिकबाई, ह्यो कुठं वाढायचा?”

मी क्षणभर विचार केला आणि तो डावीकडे, मिठाशेजारी ठेवला. तो खायचा नव्हता, पण पंगतीतून उठवण्यासारखाही नव्हता!

* * *

पुढच्या वेळी गिरिजाने हात जोडले. “आजी, प्लीज, उलगडू नका. सगळ्या चवी एकाच घासात यायला हव्यात.”

मागणी रास्त होती. परंतु बर्गर एक आणि आम्ही तिघी. एकीने चावा घेतला की तो उष्टा होणार. सुरीने कापावा, तर वरचा पाव बसतो आणि आतले सगळे बाहेर पळते. एक बर्गर आम्ही अशा रीतीने वाया घालवला. तो पाहवत नव्हता.

तेव्हा विमलबाईंनी पिशवीतून गजऱ्याचा दोरा काढला. दोरा बर्गरखालून सरकवला, दोन्ही टोके वर आणली, माथ्यावर एकमेकांवरून ओलांडली आणि सर्रकन ओढली. बर्गरचे दोन भाग झाले. आतले पानसुद्धा हलले नाही. कापलेल्या बाजूने एकेक थर असा दिसत होता, जसा विहीर खणताना जमिनीचा दिसतो.

गिरिजाने तोंडावर हात ठेवला. “आजी! हे कुठे शिकलात?”

“शिकायचं काय त्यात? आमच्या हदगावला बाया खव्याच्या वड्या अशाच कापून राहिल्या.”

आजूबाजूची टेबले उठून पाहायला आली. सगळी डॉक्टर व्हायला आलेली मुले. त्यातल्या एकाने अतिशय आदराने विचारले, “आजी, तुम्हाला टाके पण घालता येतात का?”

विमलबाई म्हणाल्या, “आधी तू पास तर हो!”

* * *

एकदा मी अर्धा बर्गर ‘ह्यांच्या’साठी घरी नेला. गिरिजाने तो पुठ्ठ्याच्या सुबक डब्यात बांधून दिला होता. दुसऱ्या दिवशी डबा परत करायचा म्हणून मी तो साबणाने धुतला.

पुठ्ठ्याचा डबा धुऊ नये, हे मॅट्रिकपर्यंतच्या कोणत्याही इयत्तेत शिकवलेले नव्हते. त्याचे जे काही झाले ते मी दोरीवर चिमटा लावून वाळत घातले, पण त्याने पुन्हा डब्याचा आकार घेतला नाही. शेवटी माझा स्टीलचा डबा घेतला. कोणाचे भांडे रिकामे परत करायचे नसते, म्हणून त्यात गरम धपाटे घातले, आणि भरपाई म्हणून तो गिरिजाला नेऊन दिला.

ती गोंधळली. “अहो आजी, तो डबा फेकून द्यायचा असतो!”

“दुसऱ्याच्या घरचे भांडे मी फेकून देईन, असे तुला वाटले तरी कसे?”

आता माझा डबा तिच्याकडे. तीही उदगीरच्याच घरातली. तिने तो बर्गर भरून परत पाठवला. मी शेंगदाण्याची चटणी घालून तो परत केला. तिने पुन्हा बर्गर! हा प्रकार कोणी थांबवायचा तेच कळेना. अखेर ‘ह्यांनी’ हात टेकले. “तुम्हा दोघींच्या सभ्यपणापायी माझे पोट बिघडेल!”

अव्वा हे सगळे मुकाट्याने पाहत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी आपला कडीचा डबा काढला, गिरिजाला त्यात एक बर्गर ठेवायला लावला आणि बिरादार मास्तरांच्या हाती दिला. हे मास्तर उदगीरला अव्वांच्या घराशेजारी राहतात आणि नोकरीसाठी रोज लातूरला ये-जा करतात.

“बसूला द्या,” अव्वा म्हणाल्या. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासूनपुसून लखलखीत. अव्वांनी कडी काढली.

आत काहीच नव्हते.

“आमच्या घरातून रिकामं भांडं कधी गेलं न्हाई,” अव्वा हळूच म्हणाल्या. “काई नसलं तर मूठभर तूरडाळ तरी घालतोत.”

गिरिजा आत निघून गेली. विमलबाईंना मात्र राहवेना. “अव्वा, डबा घासला कोणी, ते इचारलं का?”

“सुनेला फोन केलता. त्यानंच घासला म्हणली. तिला हात लावू दिला न्हाई.”

“मंग खाल्लाय तेनं! खाल्ल्याबिगर कोण घासतंय?”

“गाईला घातला असंल,” अव्वा म्हणाल्या.

तरीही त्या दर आठवड्याला डबा पाठवत राहिल्या. तो दर वेळी लखलखीत परत येई, आणि दर वेळी रिकामा.

* * *

माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आम्ही तिघी गेलो होतो. परतताना नांदेडला माझ्या भाच्याने आम्हाला एका मोठ्या झगमगीत रेस्टॉरंटात नेले. “मावशी, तुम्ही आता बर्गरमधल्या जाणकार!” असे म्हणून.

बर्गर आला तो काळाकुट्ट पाव घालून. विमलबाईंनी वेटरला थांबवले. “बाबा, करपलाय ह्यो. दुसरा आण.”

“आजी, तो काळाच असतो.”

“काहून? अमावस्येचा हाय का?”

तेवढ्यात दुसऱ्या वेटरने बर्गरवर भांड्यातून वितळलेले चीज ओतले. मी खोटे बोलणार नाही. तो सोनेरी पडदा त्या काळ्या पावावरून संथपणे उतरत होता तेव्हा आम्ही तिघी श्वास रोखून पाहत होतो. नांदेडात मी लहानाची मोठी झाले, परंतु नांदेडने मला असे चकित कधी केले नव्हते.

मग वेटरने प्रत्येकीपुढे काळ्या रबरी हातमोज्यांची जोडी ठेवली.

“ऑपरेशन आपल्यालाच करायचं हाय का?” विमलबाईंनी विचारले.

भाच्याने समजावले की हे घालून दोन्ही हातांनी खायचे, म्हणजे हात बरबटत नाहीत. दोन्ही हातांनी! डावा हात अन्नाला लावायचा नसतो, हे या मुलांना कोणीतरी सांगायला हवे होते. मी तसे बोलणारच होते, तोच अव्वांनी एक मोजा उचलला, शांतपणे डाव्या हातात चढवला आणि दुसरा बाजूला ठेवला. उजवा हात उघडाच.

“आता डावा हात लागतच न्हाई,” त्या म्हणाल्या.

काय ही बुद्धी! सोवळे राहिले आणि बर्गरही राहिला. मी आणि विमलबाईंनीही तसेच केले. थोड्या वेळाने पाहते तो शेजारच्या टेबलावरच्या चार तरुण मुलींनी आपापले उजवे मोजे काढून ठेवलेले.

वेटर भाच्याच्या कानाशी लागला. “सर, ही नवीन स्टाइल पुण्याची का?”

“उदगीरची,” भाचा म्हणाला.

* * *

एकदा गिरिजाच्या दुकानात एका मुलाने माझ्यासमोर मोबाईल धरला. “आजी, या बर्गरला पाचपैकी किती स्टार?”

“तारे देणे माझे काम नव्हे. मी गुण देईन.”

मी शंभरपैकी बासष्ट दिले. प्रथम वर्ग, परंतु जेमतेम. चव उत्तम होती. सॉस ताटलीबाहेर सांडला होता, त्याचे गुण कापले. आमच्या वेळी शाई सांडली तरी कापत असत.

ते चित्रण गल्लीत कोणाकोणाच्या मोबाईलवर गेले देव जाणे. दुसऱ्या दिवशी मुले दुकानात येऊन सांगू लागली, “ताई, एक बासष्टवाला द्या!”

गिरिजाला आनंद झाला, पण तिचे लक्ष माझ्या गुणांकडे नव्हते. उदगीरकडे घराघरांत थोडी कानडी असते. अव्वांना एखादा पदार्थ खरोखर पसंत पडला की त्या ‘छलो अद’ म्हणतात. म्हणजे, छान झाले आहे. वर्षभराच्या ओळखीत मी ते एकदाच ऐकले होते, तेही एका हुरड्याच्या कणसाला. गिरिजा प्रत्येक नव्या बर्गरच्या वेळी अव्वांच्या तोंडाकडे पाहत राही. अव्वा शेवटपर्यंत चावत आणि म्हणत, “खाण्याजोगं हाय.”

“अव्वा, एकदा छलो म्हणा की!” विमलबाई एकदा चिडल्याच. “तोंड काय झिजून राहिलं का?”

“म्हणीन,” अव्वा म्हणाल्या. “म्हणायच्या वेळी म्हणीन.”

* * *

आता श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचे सांगते.

गिरिजाने अंबाडीचा बर्गर करायचे ठरवले होते. अंबाडीची आंबट भाजी, ज्वारीच्या कण्या आणि डाळ यांची टिक्की, वर हिंगाची फोडणी. कल्पना अव्वांची. “बसू ल्हान होता तवा अंबाडी केली की ताटावरून उठायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. दुसरी कल्पनाही त्यांचीच. पहिला बर्गर महादेवाला नैवेद्य म्हणून दाखवायचा आणि दुसरा प्रसाद म्हणून उदगीरला पाठवायचा.

“प्रसादाला न्हाई म्हणता येत न्हाई,” अव्वा म्हणाल्या, “अन् गाईलाबी घालता येत न्हाई.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. इतक्या आठवड्यांच्या रिकाम्या डब्यांनंतर या बाईने शेवटी महादेवालाच मध्ये घातले होते.

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. गिरिजाला तर पावलोपावली चाखायची सवय. तिचा चमचा सतत हातात. अव्वांनी तो काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. पोरगी दिवसभर हात बांधल्यासारखी वावरली. पण बर्गर असा देखणा झाला की काय सांगू! केळीच्या पानावर तो ठेवला, भोवती पाणी फिरवले. माथ्यावर कागदी झेंड्याऐवजी अव्वांनी बेलाचे त्रिदळ ठेवले. मी आपोआप हात जोडले. विमलबाईंनी पहिल्या दिवशी प्रदक्षिणेचे विचारले होते, ते अगदीच वावगे नव्हते.

दुसऱ्या बर्गरवरही बेलाचे पान ठेवून डब्याची कडी लावली. बिरादार मास्तर संध्याकाळच्या गाडीसाठी घाईत होते.

“सांगा त्याला,” अव्वा म्हणाल्या, “प्रसाद हाय. पोरीच्या हातचा हाय.”

मास्तर गेले. दिवस मावळला. आम्ही तिघी उपास सोडायला बसलो. गिरिजा समोर उभी. नैवेद्याचा बर्गर विमलबाईंनी दोऱ्याने कापून दिला, आम्ही घास घेतला.

तिघींचे चावणे एकदम मंदावले.

अखेर विमलबाई म्हणाल्या, “पोरी... मीठ?”

गिरिजाचा चेहरा पांढरा पडला. भाजी पिळताना अव्वांनी मीठ घातले असेल, असे तिला वाटले होते. टिक्की मळताना ती घालेल, असे अव्वांना वाटले होते. आणि चाखायला कोणालाच परवानगी नव्हती. अळणी अंबाडी तोंडात कशी लागते, ते ज्याने खाल्ली त्यालाच ठाऊक. दात आंबतात आणि घास पुढे सरकत नाही.

“गाडी कुठवर गेली असंल?” विमलबाईंनी विचारले.

गिरिजाने फोन उचलला. “मी मास्तरांना सांगते, देऊ नका म्हणून!”

“ठिव तो,” अव्वा म्हणाल्या. “प्रसाद वाटंतून माघारी बोलवतात का?”

गिरिजा खुर्चीत बसली. “अप्पा म्हणतील, हिला साधं मीठसुद्धा कळत नाही. आणि यासाठी हिनं शिकवणी सोडली.”

प्रसादाला नावे ठेवायची नसतात, म्हणजे बसवराज काही बोलणारही नाही. तो फक्त डबा घासून परत पाठवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधीच आम्ही दोघी तिथे हजर होतो. बिरादार मास्तर आले. एरवी ते डबा पिशवीत टाकून आणत. आज तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

“काय म्हणाला?” अव्वांनी विचारले.

“काहीच नाही, अव्वा. पहाटे स्वतः माझ्या दारात घेऊन आले. डबा आडवा करू नका, एवढंच म्हणाले. गाडीत मांडीवर धरून बसलोय मी!”

अव्वांनी कडीला हात लावला आणि काढून घेतला. गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. मग मीच कडी काढली आणि झाकण उचलले.

बेलाचे पान आत नव्हते. डब्याच्या मधोमध एक छोटी वाटी होती आणि ती मिठाने काठोकाठ भरलेली होती.

आम्ही सगळ्या त्या वाटीकडे पाहत राहिलो. पहिल्या दिवशी त्या बर्गरकडे पाहिले होते, त्याहून जास्त वेळ.

विमलबाईंना आधी कंठ फुटला. “बघा! गाय काय मीठ धाडती व्हय?”

गिरिजा हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओढणी डोळ्यांना लावली.

अव्वा पुढे झाल्या. त्यांनी वाटीतले मिठाचे चार कण बोटाला घेतले, जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत विरघळू दिले.

“छलो अद,” त्या म्हणाल्या.